'मी' म्हणू की 'तो'? रोलप्लेइंग खेळात पात्राला बोलतं कसं करायचं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणाच्या तरी हॉलमध्ये चार-पाच जण पहिल्यांदाच रोलप्लेइंग गेम (प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन, बोलून आणि फासे टाकून गोष्ट पुढं न्यायचा खेळ) खेळायला बसले, की पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत एक जण अडखळतोच. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) विचारतो, "पहारेकरी वाट अडवून उभा आहे. काय करतोस?" समोरचा म्हणतो, "मी... म्हणजे माझा माणूस... त्याला सांगतो, की... का डायरेक्ट बोलू?" बाकीचे हसतात, तो लाजतो आणि उरलेला सगळा वेळ "मी हल्ला करतो" एवढ्या एका वाक्यावर काढतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'मी' म्हणून बोलणारा तो खरा खेळाडू आणि 'तो' म्हणून सांगणारा कच्चा, असं काही नसतं. ही समजूत बऱ्याचदा यूट्यूबवरचे लांबलचक खेळ बघून येते. तिथं बसलेले बरेचसे लोक पोटापाण्यासाठी आवाज देणारे कलाकार असतात, हे आपण विसरतो. प्रथमपुरुष की तृतीयपुरुष हे एकदाच ठरवून मोकळं होता येत नाही. एकाच सेशनमध्ये, एकाच पात्रासाठी, दर पाच मिनिटांनी ते बदलू शकतं. कधी बदलायचं आणि मराठीत बोलताना कुठं पाय अडकतो, ते इथं पायरीपायरीनं मांडतो.

थोडा इतिहास, कारण त्यातून एक गोष्ट कळते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा रोलप्लेइंग खेळांतला पहिला मानला जाणारा खेळ 1974 साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि दोघंही टेबलावर छोट्या बाहुल्यांची सैन्यं मांडून लढाया खेळणारे. सैन्य हलवणारा माणूस 'मी भाला मारतो' म्हणत नाही, 'माझी तुकडी पुढं सरकते' म्हणतो. एका खेळाडूकडं एकच माणूस आला, तेव्हा हळूहळू 'मी' आला. म्हणजे तृतीयपुरुष ही या खेळाची जुनी, मूळची बोली आहे. त्याच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकातही वर्णन करून सांगणं आणि पात्र होऊन बोलणं अशा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिल्या आहेत, आणि बहुतेक जण दोन्ही मिसळून वापरतात असंही म्हटलं आहे.

उदाहरणांसाठी एक छोटा खेळ धरू. जागा पन्हाळा, काळ 1660 च्या वेढ्याचा, धो धो पाऊस. काम एवढंच: तीन दरवाजाजवळच्या अंधारबावडीत उतरून पाणी शाबूत आहे का ते बघायचं, कारण कुणीतरी विष कालवल्याची कुजबुज आहे. बावडी तीन मजली, विहीर तळाशी. पात्रं तीन, तिन्ही मनानं रचलेली: हवालदार रायबा, जखमा बांधणारी वैदीण येसू आणि भुरटा चोर खंडू.

पहिली पायरी: फासे हातात घेण्याआधी

सुरुवातीला दहा मिनिटं बोलून घ्या. तीन गोष्टी ठरवायच्या.

एक, पात्राचा संवाद आणि खेळाडूचं बोलणं वेगळं कसं ओळखायचं. सगळ्यात साधी खूण म्हणजे हात. हात वर असेल तर मी, म्हणजे आज संध्याकाळी खेळायला आलेला माणूस, बोलतोय. हात खाली असेल तर रायबा बोलतोय. ही खूण नसली की "गप ए, तुला काही कळत नाही" हे वाक्य रायबानं खंडूला म्हटलं की अमक्यानं तमक्याला, यावर खरीखुरी भांडणं होतात.

दोन, कुणालाही 'मी' म्हणायची सक्ती नाही आणि 'तो' म्हटल्याबद्दल टोमणाही नाही. हे डीएमनं तोंडानं म्हणायला हवं. मनात धरून चालत नाही.

तीन, खऱ्या ऐतिहासिक व्यक्ती. आपल्याकडं हा मुद्दा सोडून चालणार नाही. पन्हाळ्यावर खेळ मांडला, की महाराज त्या गोष्टीत असणारच. पण महाराजांच्या तोंडी कुणी 'मी' म्हणून संवाद घालू नये, डीएमनंसुद्धा. "गडावरून हुकूम आलाय, पहाटेच्या आत खबर पाहिजे," एवढं तृतीयपुरुषात पुरतं. आदर राहतो, आणि खेळाच्या दृष्टीनंही हेच बरं, कारण एवढं मोठं माणूस बोलू लागलं की बाकीची पात्रं नुसती मान डोलावत बसतात.

दुसरी पायरी: सगळ्यांनी 'तो'पासून सुरू करा

पहिला अर्धा तास सगळ्यांनी पात्राचं नाव घेऊन बोलायचं. "रायबा मशाल खाली धरतो आणि पायऱ्या मोजत उतरतो." "येसू मागं थांबते, तिला वास येतोय." अनुभवी खेळाडूंनीही तसंच. याचे दोन फायदे. नवीन माणूस सुटतो, कारण नाटक करायचं नसून गोष्ट सांगायची आहे, आणि गोष्ट सांगायला कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. दुसरं, सगळ्यांची नावं डोक्यात बसतात. 'मी, मी, मी' करत खेळलेल्या सेशनच्या शेवटी शेजारच्याच्या पात्राचं नावही माहीत नसतं, हे कितीदा तरी दिसतं.

वाक्य कसं बांधायचं? नाव, कृती आणि हेतू. "खंडू दोरी सोडतो, पाण्याला किती खोली आहे ते बघायला." हेतू सांगितला की डीएमला कळतं, फासे कशासाठी टाकायला लावायचे. नुसतं "खंडू दोरी सोडतो" म्हटलं, तर डीएम पाच मिनिटं भलत्याच गोष्टीचं वर्णन करत बसतो.

आणि काळ वर्तमान ठेवा. हे मराठीत फार महत्त्वाचं आहे. "मी उडी मारतो" हा प्रयत्न आहे, "मी उडी मारली आणि पलीकडं पोचलो" हा निकाल आहे. निकाल फाशांचा आणि डीएमचा. भूतकाळात बोलायची सवय लागलेला खेळाडू नकळत निकाल स्वतःच लावून टाकतो आणि मग फासा विरोधात पडला की रुसतो.

तिसरी पायरी: 'म्हणतो, की'चा पूल

इथं मराठी आपल्या मदतीला येते. "रायबा म्हणतो, की मी पुढं जातो, तुम्ही मागं राहा." सुरुवात तृतीयपुरुषात झाली, 'की' आला, आणि बोलणारा आपोआप 'मी'मध्ये शिरला. आपण रोज असंच बोलतो: "आई म्हणाली, की मी काय रिकामी बसलेय का?" यात कुणालाही अभिनय केल्यासारखं वाटत नाही.

लाजणाऱ्या खेळाडूला "पात्र होऊन बोल" असं सांगू नका. त्याला विचारा, "रायबा काय म्हणतो?" तो "रायबा म्हणतो, की..." अशी सुरुवात करेल आणि पुढचं वाक्य रायबाचंच येईल. काही दिवसांनी 'रायबा म्हणतो, की' हे शेपूट गळून पडतं. नाही पडलं तरी काही बिघडत नाही. पोवाडा म्हणणारा शाहीर वर्षानुवर्षं हेच करत आलाय. तो लढाईचं वर्णन करता करता मध्येच सरदाराच्या तोंडून बोलतो, लगेच बाहेर येतो, आणि मंडपात कुणी गोंधळत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कथाकार शंकर पाटलांनी द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या सोबतीनं कथाकथनाचे कार्यक्रम गाजवले. नुसत्या माइकपुढं एकट्यानं अख्खं गाव उभं करायचं, तेही सांगता सांगता. आपल्या कानांना ही सरमिसळ नवी नाही.

चौथी पायरी: संवादापुरता 'मी'

आता थेट प्रथमपुरुष. पण फक्त तिथं, जिथं एक पात्र दुसऱ्या पात्राशी तोंडानं बोलतंय. कृती अजून 'रायबा'च्याच नावानं. हे एवढंच पाळलं तरी टेबल ऐकायला छान होतं:

"रायबा मशाल खंडूच्या तोंडासमोर धरतो. 'खरं सांग, काल रात्री हितं तू काय करत हुतास?'"

"खंडू नजर चुकवतो. 'पाणी प्यायला आलतो की, हवालदार.'"

"'वरच्या टाक्याचं पाणी सोडून तीन मजलं खाली?'"

सरावासाठी एक सोपा खेळ आहे. प्रत्येक पात्राला डीएमनं एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर 'मी'मध्ये, दोन वाक्यांत घ्यायचं. "रायबा, घरी कोण आहे?" "खंडू, पहिली चोरी कसली?" आवाज बदलायची गरज नाही. आवाज बदलण्यापेक्षा पात्र काय लपवतंय हे ठरवलं, तर संवाद आपसूक निराळा येतो.

बोलीचं काय? इथं मी जरा हट्टी आहे. ऐतिहासिक खेळ म्हटला, की पोरं लगेच मालिकांतली भाषा काढतात. दर वाक्याला 'आम्ही', 'मुजरा', 'निश्चिंत असावे'. दहा मिनिटांत दम लागतो, शब्द सुचत नाहीत आणि माणूस गप्प होतो. त्यापेक्षा रायबाला सरळ कोल्हापुरीत बोलू द्या. "काय गा, घाबरलास व्हय?" हे वाक्य ज्या वेगानं तोंडातून येतं, त्या वेगानं 'आपण भयभीत झालात काय' येत नाही. सगळेच कोल्हापुरी बोलणारे असतील, तर एखाद्याच परक्या पात्राला, समजा व्यापाऱ्याला, पुस्तकी मराठी द्या. तेवढ्यानं तो उठून दिसतो. मात्र कुणाच्या बोलीची टिंगल होईल असा आवाज काढायचा नाही.

पात्रांनी एकमेकांना काय म्हणायचं, हेही आधी ठरवा. टेबलावर सगळे एकमेकांचे 'भावा' असतात, आणि ते पात्रांच्या तोंडीही जातं. चोर हवालदाराला 'भावा' म्हणाला, की सगळा ताण गेला. खंडूनं रायबाला 'तुम्ही' म्हणायचं, रायबानं त्याला 'तू', येसूनं रायबाला 'दादा'. मग एक दिवस खंडू रागाच्या भरात रायबाला 'तू' म्हणतो, आणि त्या एका शब्दावर टेबल गप्प होतं. यासाठी प्रथमपुरुषच लागतो. "खंडू त्याला एकेरीत बोलतो" असं सांगून ती मजा येत नाही.

अडचणीची जागा: 'गेलो' की 'गेले'

इंग्रजीत 'मी' म्हटल्यावर बाई की पुरुष हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत कळतं. येसूचं पात्र एखाद्या मुलानं घेतलं, तर त्याला दर वाक्याला 'मी जाते', 'मी थांबले' म्हणावं लागतं, आणि पहिल्यांदा म्हटलं की कुणीतरी फिसकन हसतं. अनेक मुलं स्त्रीपात्र टाळतात ती एवढ्याचसाठी.

यातून वाटा आहेत. सकर्मक क्रियापद भूतकाळात असेल, तर ते सहसा कर्त्याप्रमाणं बदलत नाही: "मी पाणी चाखलं", "मी जखम बांधली". हे स्त्री-पुरुष दोघांच्याही तोंडी सारखंच. म्हणून घडून गेलेली गोष्ट सांगताना ही रूपं वापरा. 'मला' घेऊन येणारी वाक्यंही सोयीची: "मला वास येतोय", "मला खाली जायचंय", "मला हे पटत नाही". आणि कृती तृतीयपुरुषात: "येसू खाली वाकते." एवढ्यावर बरंच निभतं. दोन-तीन सेशननंतर 'मी जाते' म्हणायला कुणाची जीभ अडत नाही. पहिल्या हसण्याला डीएमनं दाद दिली नाही, की प्रश्न मिटतो.

उलट बाजूला कोल्हापूरची गंमत आहे. आपल्याकडच्या कितीतरी मुली रोजच्या बोलण्यात 'मी येतो', 'मी आलो' असंच म्हणतात. त्यांनी पुरुषपात्र घेतलं तर काहीच बदलावं लागत नाही, आणि इथली एखादी येसू 'मी जातो खाली' म्हणाली, तर ते अस्सलच वाटतं. पुण्याचा कुणी टेबलावर असेल, तर त्याला आधी सांगून ठेवा.

'आम्ही' आणि 'आपण' यांकडंही लक्ष द्या. "आम्ही दारापाशी थांबतो" हे डीएमला सांगितलं, "आपण दारापाशी थांबूया" हे सोबतच्या पात्रांना. हा फरक कान देऊन ऐकणाऱ्या डीएमला वेगळी खूण लागतच नाही. फक्त आपल्याकडं ताठ्यात बोलताना 'मी'च्या जागी 'आपण' येतो, "आपण न्हाई घाबरत कुणाला," तेवढं सांभाळा. नाहीतर एकाच्या फुशारकीनं सगळी टोळी विहिरीत उतरायची.

पाचवी पायरी: फासे आणि जीभ

सगळ्यात जास्त अन्याय इथं होतो. खंडूच्या शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, करिष्मा (समोरच्यावर छाप पाडायची ताकद) 16 आहे, म्हणजे पाचव्या आवृत्तीत फाशाच्या आकड्यात +3. पण त्याला खेळवणारा मुलगा अबोल आहे. पहारेकऱ्याला पटवायची वेळ आली, की डीएम म्हणतो, "बोलून दाखव." तो बोलतो ते फिकं पडतं, आणि डीएम फासे न टाकताच म्हणतो, "त्याला पटलं नाही." मग त्या 16 चा उपयोग काय? रायबाच्या खेळाडूला आम्ही खरोखर भिंत चढून दाखव म्हणतो का?

डीएमनं बघायचा तो मुद्दा, आवाज आणि अभिनय नाही. "खंडू त्याला सांगतो, की पाण्यात विष असेल तर उद्या पहिला मरणारा तूच, कारण पहाऱ्यावरचा माणूस हेच पाणी पितो." हे तृतीयपुरुषात सांगितलेलं आहे, पण मुद्दा चोख आहे. त्याला ॲडव्हांटेज द्या, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. लक्ष्य 15 असेल आणि एक फासा 9 व दुसरा 13 पडला, तर 13 अधिक 3, काम झालं. दुसरा कुणी सुंदर भाषण ठोकेल, पण त्यात पहारेकऱ्याला काही मिळत नसेल, तर त्याला एकच फासा.

'मी'मध्ये बोलायचं असेल तर आधी बोला, मग फासा टाका, आणि फासा पडल्यावर काय झालं ते तृतीयपुरुषात सांगा. फासा वाईट पडला तर "खंडू बोलला बरोबर, पण मधेच शिंकला आणि कंबरेचा चोरलेला कंदील दिसला" असं काहीतरी. खेळाडूचं भाषण वाया गेलं असं वाटत नाही.

लढाईत सगळं आखूड करा. पाचव्या आवृत्तीत एक फेरी म्हणजे सहा सेकंद. त्यात "रायबा डावीकडून वार करतो" एवढं आणि एखादी शिवी बसते.

डीएमसाठी

2010 साली आलेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळात खेळ चालवणाऱ्यासाठी एक तत्त्व आहे: खेळाडूशी नको, पात्राशी बोला. "तू काय करतोस?" ऐवजी "रायबा, पाणी गुडघ्याला लागलंय. काय करतोस?" नाव घेतलं, की समोरचा मोबाइल खाली ठेवतो. मी हे कुठल्याही खेळात वापरतो.

मात्र डीएमची दोन पात्रं एकमेकांशी बोलू लागली, की लगेच तृतीयपुरुषात या. स्वतःच दोन आवाज काढून पाच मिनिटं संवाद म्हणणारा डीएम स्वतः खूश असतो आणि बाकीचे चहा संपवत असतात. "दोघे पहारेकरी कुजबुजतात, एकाला तुमच्यावर संशय आहे," संपलं. प्रवास, बाजारहाट, रात्रीचा पहारा, हेही असंच दोन ओळींत. 'मी' राखून ठेवा, खेळाडू ज्याला प्रश्न विचारणार आहेत त्या पात्रासाठी.

मागं कधी यायचं

छळ, लगट, कुणाच्या मुलाचा मृत्यू, जातीवरून अपमान. असं काही गोष्टीत आलं, तर 'मी' सोडा. जखमी कैद्याला रायबा मारहाण करतो हे खेळाडूनं 'मी'मध्ये वळ मोजत सांगण्यात काही कमाई नाही. "रायबा त्याला बोलतं करतो, आणि ते बघून येसू बाहेर निघून जाते," पडदा. टेबलाच्या मध्ये फुली मारलेलं एक कार्ड ठेवायची पद्धत आहे, जॉन स्टॅव्हरोपोलस यांनी रूढ केलेलं एक्स-कार्ड. कुणीही त्याला हात लावला, की तो भाग तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही. मित्रांच्या टोळीत कुणी तोंडानं 'नको' म्हणत नाही, हात मात्र लावतं.

दुसरी जागा म्हणजे माहिती. खंडूनंच विष आणलंय हे त्याच्या खेळाडूनं सगळ्यांसमोर सांगितलं, पण रायबाला माहीत नाही. अशा वेळी रायबाच्या खेळाडूनं तृतीयपुरुषात यावं: "मला माहीत आहे, पण रायबाला नाही. रायबा त्याच्यावर विश्वास ठेवून दोरी त्याच्याच हातात देतो." प्रथमपुरुषात राहिलेला माणूस इथं हमखास काहीतरी कारण काढून दोरी स्वतःकडं ठेवतो.

एक पळवाट मात्र चालवून घेऊ नका. सोबत्यांचं सोनं ढापून "मी नाही, खंडू तसाच आहे" म्हणणारा प्रत्येक टोळीत असतो. पात्र 'तो' असलं, तरी निर्णय खेळाडूचाच असतो. अशा वेळी हात वर करायला लावा आणि खंडूला नाही, त्याला विचारा: "तुला हे का करायचंय? बाकीच्यांना चालणार आहे का?" चालणार असेल तर खुशाल चोरू दे.

ऑनलाइन खेळत असाल, तर हाताची खूण चालत नाही आणि चेहरेही नीट दिसत नाहीत. तिथं दर वाक्याआधी पात्राचं नाव घ्या, संवाद असला तरी: "येसू: दादा, हे पाणी कडू लागतंय." लिहून खेळताना संवाद अवतरणात आणि खेळाडूचं बोलणं कंसात. इंटरनेट अडखळलं तरी कोण बोललं एवढं कळतं, आणि रायबानं पाणी प्यायच्या आत कुणीतरी त्याला थांबवू शकतं.